लिमासोलमध्ये घरावर सोलर बसवून घेतलं, सर्व्हिस कशी आहे आणि समुद्रातल्या गॅससाठी थांबावं का

सायप्रसमध्ये स्वतःचं घर आहे आणि छपरावर सोलर बसवू की अजून थांबू असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय. इथल्या मराठी मंडळींमध्ये, म्हणजे शिपिंगवाले आणि आयटीवाले मिळून जे काही आम्ही लिमासोलला आहोत त्यांच्यात हा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, थांबा हो, समुद्रात गॅस सापडलाय, वीज स्वस्त होणारे. माझं मत आधीच सांगते, थांबू नका. सर्व्हिसला 5 पैकी 4 देतेय.

आधी बिल. इथे बिल दोन महिन्यांनी येतं आणि युनिटमागे सगळं धरून साधारण 30 सेंटच्या वर पडतं, युरोपातल्या महागड्या दरांपैकी एक. जून ते सप्टेंबर एसीशिवाय झोपच लागत नाही, आणि बिलात नुसती वीज नसते, इंधनाचा फरक वेगळा, नेटवर्कचे चार्ज वेगळे, प्लांट धूर सोडतो त्याच्या कार्बन परमिटचे पैसे असतात आणि वरून व्हॅट. कारण सरळ आहे, हा देश अजून मुख्यतः फर्नेस ऑइल आणि डिझेल जाळून वीज करतो. वासिलिकोस आणि धेकेलिया हे दोन मोठे प्लांट, सगळं तेल बाहेरून येतं, आणि दुसऱ्या कुठल्याच देशाशी विजेची केबल नाही. युरोपियन युनियनमध्ये असा पूर्ण एकटा पडलेला ग्रिड फक्त सायप्रसचा.

आता आमचं काम. लिमासोलच्या येर्मासोया भागात दोन मजली घर, सिंगल फेज कनेक्शन, त्यामुळे नेट मीटरिंगमध्ये (म्हणजे जास्तीची वीज ग्रिडला द्यायची आणि तेवढीच युनिटं नंतर परत घ्यायची) 4.16 किलोवॅटच्या वर जाता येत नाही (थ्री फेज असेल तर 10.4 पर्यंत). इन्स्टॉलरचं नाव मुद्दाम देत नाही, मला अनुभव सांगायचाय, कोणाची जाहिरात किंवा बदनामी करायची नाहीये. खर्च साडेचार हजार युरोच्या आसपास आला, त्यात पॅनल, इन्व्हर्टर, स्ट्रक्चर, वायरिंग, अर्ज सगळं आलं. सरकारी अनुदानाच्या स्कीम असतात पण त्या उघडतात आणि कोटा भरला की बंद होतात, म्हणून अर्ज कधी सुरू होतोय ते इन्स्टॉलरलाच विचारत राहा.

माणसं सकाळी आली आणि अंधार पडायच्या आत सगळं वर चढवून, केबल पाइपातून नीट खाली आणून, जिन्याजवळचा कचरासुद्धा उचलून गेली. छपरावर आधीच पाण्याची टाकी आणि सोलर बंब होता (इथे दहातल्या नऊहून जास्त घरांवर तो असतोच, सायप्रसवाले हे 1960 च्या दशकापासून वापरतायत) तर त्याची सावली पॅनलवर पडू नये म्हणून त्यांनी स्ट्रक्चर उंच घेतलं, एक पॅनल बाजूला सरकवला, हे मी न सांगता. इन्व्हर्टर उत्तरेच्या भिंतीवर लावला कारण ऑगस्टमध्ये दक्षिणेच्या भिंतीला हात लावता येत नाही. या कामाला माझे पूर्ण मार्क.

ऊन तर विचारूच नका. इथे एका किलोवॅटला वर्षाला 1600 युनिटच्या पुढे सहज मिळतात, म्हणजे आमच्या छपरावरून साडेसहा हजारच्या आसपास, आम्हाला पुरून उरतात. पूर्वी दोन महिन्यांचं बिल तीनशे युरोच्या वर जायचं, आता उन्हाळा सोडला तर पन्नास-साठ. शून्य होत नाही हे लक्षात ठेवा, ग्रिडमधून जेवढं घेता त्याचे नेटवर्कचे चार्ज लागतातच. आणि जास्तीची युनिटं पुढच्या बिलात जातात पण वर्षाचा हिशोब झाला की उरलेली सोडून द्यावी लागतात, म्हणून उगाच मोठी सिस्टीम विकायला कोणी आलं तर आधी वर्षाचा वापर काढा.

आता एक मार्क का कापला. पॅनल बसले त्यानंतर तपासणी होऊन मीटर बदलायचा असतो, तेवढा काळ सगळं छपरावर नुसतं उन्हात पडून, आणि इन्स्टॉलरचा माणूस फोन उचलेना. पैसे बऱ्यापैकी देऊन झाले होते ना. पण त्याहून मोठी गोष्ट ही की रिपल कंट्रोल म्हणजे काय ते कोणी धड सांगितलंच नव्हतं. नवीन सिस्टीमना एक छोटा रिसीव्हर लावतात, तो लावताना म्हणाले हा नियमाप्रमाणे लागतो, बस. मग एप्रिलमधल्या एका रविवारी भर दुपारी, आभाळात एक ढग नाही, आणि अ‍ॅपवर निर्मिती शून्य. मला वाटलं इन्व्हर्टर गेला. तो गेला नव्हता, वीज कंपनीने त्या रिसीव्हरमधून लांबून बंद केला होता, हेच ते रिपल कंट्रोल.

असं का करतात ते समजून घेतलं की राग थोडा शांत होतो, आणि दुसरीकडे वळतो. वसंतात हवा छान असते, ना एसी ना हीटर, रविवारी ऑफिसं बंद, म्हणजे विजेची मागणी एकदम खाली, आणि ऊन मात्र फुल. तेलावरचे प्लांट पूर्ण बंद करता येत नाहीत, ग्रिडची फ्रिक्वेन्सी सांभाळायला आणि संध्याकाळी ऊन गेलं की लगेच वर यायला त्यांना किमान लोडवर चालू ठेवावंच लागतं. जास्तीची वीज शेजारच्या देशाला द्यायला केबल नाही, साठवायला मोठ्या बॅटऱ्या वेळेवर आल्या नाहीत. मग उरतं काय, सोलर तोडा. आधी मोठे सोलर पार्क, तेवढ्याने भागलं नाही तर घरांचीसुद्धा. म्हणजे फुकटचं ऊन फेकून द्यायचं आणि त्याच वेळी तेल जाळत राहायचं, त्याच्या कार्बनचे पैसे परत आपल्याच बिलात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण लोकांनी आपलं काम केलंय, छपरं भरलीयत, मागे राहिलाय तो ग्रिड.

आणि आता तो गॅस. अ‍ॅफ्रोडाइट हे पहिलं फील्ड डिसेंबर 2011 मध्ये नोबल एनर्जी या अमेरिकन कंपनीला सापडलं, लिमासोलपासून दीडशे किलोमीटरहून जास्त दक्षिणेला, सतराशे मीटर खोल पाण्याखाली. त्याच वर्षी जुलैमध्ये मारीला नौदलाच्या तळावर स्फोट झाला होता. 2009 मध्ये एका जहाजावरून जप्त केलेले दारूगोळ्याचे 98 कंटेनर उघड्यावर उन्हात ठेवले होते, ते उडाले, 13 माणसं गेली आणि शेजारचा वासिलिकोस प्लांट, जिथून बेटाची जवळजवळ अर्धी वीज यायची, तो मोडला. लोडशेडिंग सुरू झालं, उत्तरेच्या तुर्की भागातूनसुद्धा वीज विकत घ्यावी लागली. त्यानंतर काही महिन्यांतच गॅसची बातमी, म्हणजे लोकांना किती आधार वाटला असेल बघा. पुढे मार्च 2013 मध्ये बँका बुडाल्या तेव्हा तर सगळी मदार गॅसवरच, वासिलिकोसला मोठा एलएनजी (जहाजाने नेता यावा म्हणून थंड करून द्रव केलेला गॅस) कारखाना उभारायच्या गोष्टी चालल्या होत्या. पण पुढच्या विहिरीनंतर साठ्याचा अंदाज खाली आला, आज तो साधारण 4 ट्रिलियन घनफूट धरतात, आणि तेवढ्यात तो कारखाना परवडत नाही.

नंतर बाकीची फील्ड मिळत गेली, 2018 ला कॅलिप्सो, 2019 ला ग्लॉकस, 2022 ला क्रोनोस आणि झ्यूस, 2025 मध्ये पेगासस. नावं भारी आहेत पण यातला एकही घनफूट अजून इथल्या प्लांटमध्ये जळलेला नाही. मध्ये तुर्कस्तानशी हद्दीचा वाद, फेब्रुवारी 2018 मध्ये तर त्यांच्या युद्धनौकांनी इटलीच्या एनी कंपनीचं ड्रिलिंग जहाज अडवून परत पाठवलं. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये कैरोत जे करार झाले त्यात क्रोनोसचा गॅस इजिप्तच्या झोहर फील्डच्या सोयी वापरून तिथल्या दमिएटा बंदराला नेऊन एलएनजी करायचा, आणि अ‍ॅफ्रोडाइटचा (आता शेव्हरॉन, शेल आणि न्यूमेड यांच्याकडे आहे) पाइपने इजिप्तलाच. इजिप्तचं स्वतःचं उत्पादन घसरलंय, त्यांना गॅस हवाय, कारखाने तयार आहेत.

मग सायप्रसला का नाही? हे मला बरेच जण विचारतात. सायप्रसच्या प्लांटना वर्षाला एक अब्ज घनमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमीच गॅस पुरेल, आणि एकट्या अ‍ॅफ्रोडाइटमध्येच शंभर अब्जांहून जास्त आहे. दहा लाखांहून कमी लोकांच्या बाजारासाठी एवढ्या खोल समुद्रात अब्जावधींची गुंतवणूक कोणी करत नाही, मोठं गिऱ्हाईक लागतंच. त्यामुळे सरकारला रॉयल्टी आणि हिस्सा मिळेल, चांगलंच आहे, पण त्याने माझ्या-तुमच्या मीटरवरचा दर उतरेल असं धरून चालू नका.

बाहेरून एलएनजी आणून वासिलिकोस गॅसवर चालवायचा, हा मधला रस्ता होता आणि तो चांगला होता. डिसेंबर 2019 मध्ये चिनी कंपनीच्या नेतृत्वाखालच्या गटाला कंत्राट, युरोपियन युनियनचं 101 दशलक्ष युरोंचं अनुदान, प्रोमिथियस नावाचं तरंगतं टर्मिनल जहाज शांघायमध्ये तयार करून घेतलं, आणि जेटीचं काम अर्धवट असताना 2024 मध्ये करार मोडला, युरोपियन प्रॉसिक्यूटरची चौकशी लागली. आपल्या दाभोळची आठवण येते, तिथे ब्रेकवॉटर पूर्ण नाही म्हणून टर्मिनल कितीतरी वर्षं पावसाळ्यात बंद ठेवावं लागायचं. जहाज आहे पण ते किनाऱ्याला लावून ठेवायला जागा नाही, आणि खर्च शेवटी वीज वापरणाऱ्याकडूनच वसूल होतो.

केबलचं पण तसंच रेंगाळलंय. ग्रेट सी इंटरकनेक्टर, ग्रीसच्या क्रीट बेटापासून सायप्रस आणि पुढे इस्रायल, 1000 मेगावॅट, काही ठिकाणी तीन हजार मीटर खोल, युनियनचे 657 दशलक्ष युरो मंजूर, आणि 2024 मध्ये कासोस बेटाजवळ सर्वे करणाऱ्या जहाजासमोर तुर्की नौका येऊन उभ्या राहिल्या. मला विचाराल तर गॅसपेक्षा ही केबल आणि बॅटऱ्या जास्त गरजेच्या आहेत, दुपारचं ऊन फेकून देणं त्यानेच थांबेल.

तर घेणाऱ्यांनी काय बघायचं. इन्व्हर्टर हायब्रिडच घ्या, थोडे जास्त पैसे पडले तरी, पुढे बॅटरी जोडता येते. नेट मीटरिंग मिळत असेल तर बॅटरीची घाई नको, युनिटला युनिट मिळतंय आणि चांगल्या बॅटरीचा खर्च जवळजवळ पॅनलइतकाच आहे. पण नेट बिलिंगवर असाल तर विकायचा दर घ्यायच्या दरापेक्षा खूप कमी असतो, तिथे बॅटरीचा हिशोब आधीच करा. लाइट गेली की साधं ऑन-ग्रिड सोलर पण बंद पडतं, पुण्यात ज्यांच्या सोसायटीवर सोलर आहे त्यांना हे माहीत असेल, इथेही तेच. फ्लॅटवाल्यांनी व्हर्च्युअल नेट मीटरिंगची (पॅनल दुसरीकडे, युनिटं तुमच्या बिलात) चौकशी करा, आणि भाड्याच्या घरात असाल तर मालकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय कोटेशनसुद्धा मागवू नका.

सहाराची धूळ विसरू नका. मार्च ते मे मधूनमधून आभाळ पिवळं होतं, त्यात दोन थेंब पाऊस पडला की पॅनलवर चिखलाचा थर आणि निर्मिती दिसण्याइतकी खाली. सकाळी लवकर, काच गार असताना, साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. कमी पाण्यात उरका, इथे पाण्याची टंचाई असते आणि पिण्याचं बरंचसं पाणी समुद्राचं खारेपण काढून येतं, त्यालाही वीजच लागते.

आणि पैशांचं. शेवटचा हप्ता मीटर बदलून सिस्टीम चालू झाल्यावरच द्यायचा असं करारात लिहून घ्या, तपासणीचा अर्ज कोणत्या तारखेला टाकला त्याची कॉपी मागा, रिपल कंट्रोलने किती वेळा बंद केलं ते अ‍ॅपमध्ये दिसेल का हेही सहीच्या आधी विचारा. आमच्या इन्स्टॉलरने नंतर एक माणूस पाठवून सगळं नीट समजावलं, म्हणून 4, नाहीतर 3 दिले असते.