डेमोला एक चेअर, दवाखान्यात दुसरी

नव्याने दवाखाना थाटणाऱ्या किंवा जुनी चेअर बदलायला निघालेल्या दंतवैद्यांसाठी हे लिहितेय. विक्रेत्याचं नाव देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे.

सांगलीत माझी एका चेअरची प्रॅक्टिस. माझी उंची जेमतेम ५ फूट. वरच्या दाढांचं काम असलं की मी पेशंटच्या डोक्यामागे, घड्याळात बारा वाजतात त्या जागी बसते. तिथे मांड्या पाठटेक्याखाली सरकायला हव्यात आणि पेशंटचं तोंड माझ्या कोपराच्या पातळीला यायला हवं. पाठटेका जाड असला किंवा चेअर पुरेशी खाली येत नसली की खांदे उचलून, मान वाकवून दिवस काढायचा. मानेला पट्टा लावून रूट कॅनॉल करणारे सीनियर आपण सगळ्यांनीच पाहिलेत. म्हणून मी दंत-उपकरणांच्या प्रदर्शनाला मोजायचा टेप घेऊनच गेले होते.

डेमोची चेअर खरोखर सुरेख. खांद्याकडे पाठटेका साडेचार सेंटिमीटर, सीट जमिनीपासून ४० सेंटिमीटरपर्यंत खाली, हेडरेस्टला दोन सांधे. पाठ आडवी होताना सीटची पुढची कड वर उचलली जायची, त्यामुळे पेशंट घसरत नव्हता. टेप लावून फोटो काढले. ‘मॅडम, हेच मॉडेल,’ म्हणत सेल्समनने कोटेशन दिलं: ‘डेंटल चेअर, एर्गोनॉमिक प्रीमियम, आयएसओ प्रमाणित, डॅनिश मोटर, १ संच.’ किंमत २ लाख ८५ हजार. मॉडेल नंबर विचारला तर म्हणे तो माल निघताना सिरियल नंबरसोबत येतो. जीएसटी क्रमांकाची जागाही कोरीच. पैसे बँकेच्या उपकरण कर्जातून थेट त्याच्या खात्यात गेले.

चेअर आली त्या दिवशी मी शाळेच्या तपासणी शिबिरात होते. फिटरने ती बसवली आणि ‘माल नवा व सुस्थितीत मिळाला’ या छापील ओळीखाली माझ्या असिस्टंटची सही घेऊन गेला.

पहिल्याच पेशंटला आडवं केलं आणि माझे गुडघे पाठटेक्याखालच्या पत्र्यावर आपटले. टेप लावला. पाठटेका ९ सेंटिमीटर, सीट खाली येऊन येऊन ५२ वर अडलेली. रंग तोच, शिलाई तीच, लाइटही तसाच. पेशंट मात्र सारखा घसरायचा. ‘काकू, जरा वर सरका’ म्हणता म्हणता माझा जीव मेटाकुटीला.

आमच्याकडे चेअर दुरुस्त करणारे एक मामा आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी बेसचं कव्हर उघडून टॉर्च मारला. स्क्रूच्या खाचांत रंग भरलेला, कडेला रंगाखालून गंजाचे पोपडे, सक्शनची नळी वाळून कडक झालेली. मोटरवरचा चकचकीत स्टिकर त्यांनी नखाने उचकटला तर खाली दुसऱ्याच कंपनीची पाटी, अर्धी घासलेली. ‘डॉक्टर, गादी नवी, सांगाडा जुना,’ एवढं बोलून त्यांनी कव्हर परत लावलं.

मग कागद काढले. कार्डावर पत्ता पुण्याचा, पण बिलावरचा जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होणारा, म्हणजे दिल्लीचा. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. फर्मचं नावही वेगळं. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख फुकटात दिसते. ही नोंदणी प्रदर्शनाच्या तोंडावर झालेली. पैसे देण्याआधीच हा क्रमांक मागून घ्या, आणि कोणी टाळाटाळ केली तर तिथूनच उठा.

‘आयएसओ प्रमाणित’ म्हणून जे प्रमाणपत्र पाठवलं ते ९००१ चं निघालं. ते संस्थेच्या गुणवत्ता व्यवस्थेचं असतं, चेअरबद्दल त्यात अक्षरही नसतं. शिवाय आयएसओ ही मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, ती स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. डेंटल युनिट आणि पेशंट चेअरचं मानक आहे आयएसओ ७४९४-१. त्याचा चाचणी अहवाल मागून बघा, समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

तक्रार केल्यावर फोनवर ऐकवण्यात आलं की तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, ग्राहक म्हणून तुमचं कोणी ऐकणार नाही. हे ऐकून बरेच जण गप्प बसतात. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी, फक्त स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. एकट्या डॉक्टरच्या छोट्या दवाखान्याला हा मुद्दा मांडता येतो. तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्याच जिल्ह्यात करता येते, दिल्लीला हेलपाटे नाहीत. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क नाही. तक्रार करायची मुदत २ वर्षांची. राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर १९१५. मी दोन्ही वेळचे टेप लावलेले फोटो, मामांचा लेखी अहवाल आणि तो उचकटलेला स्टिकर पाकिटात घालून जोडलाय.

विक्रेत्याच्या लेखी उत्तरात दोनच मुद्दे आहेत: असिस्टंटची सही, आणि ‘कोटेशनमध्ये मोजमापांचा उल्लेख नव्हता’. दुसरा मुद्दा लबाडाचा असला तरी नेमका आहे. सगळा खेळ त्या कोऱ्या जागेवरच चालतो. इकडे बँकेचा हप्ता ५ तारखेला न चुकता कापला जातो.

आता दुसरी चेअर घेताना कोटेशनमध्ये मी ही ओळ घालायला लावली: मॉडेल क्रमांक, निर्मितीचं वर्ष, बेसवरचा सिरियल क्रमांक, खांद्याकडे पाठटेक्याची जाडी, सीटची सर्वांत कमी उंची, आणि यात फरक निघाल्यास विक्रेत्याने स्वखर्चाने परत न्यायची. काहींनी त्यानंतर फोन उचलणंच बंद केलं. एकाने सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. त्याचे उरलेले पैसे मी पेशंट आडवा करून, गुडघे आत सरकवून बघितल्यावर दिले.