दुधातली अँटिबायोटिक शोधायची तर इलेक्ट्रोड कोणता घ्यावा?

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला दुधाचा नमुना घेणारी मुलं कोल्हापुरात दरवर्षी भेटतात, आणि विषय महत्त्वाचाच आहे. म्हशीला दगडी (कासदाह) झाली की सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात. पुढचे ठरलेले दिवस ते दूध बाजूला काढलं नाही, तर औषधाचा अंश दूध संस्थेच्या कॅनमध्ये जातो. तो विद्युत-रासायनिक पद्धतीनं, म्हणजे इलेक्ट्रोडवर औषध इलेक्ट्रॉन देतं-घेतं तेव्हाचा प्रवाह मोजून, पकडायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो: सोनं, प्लॅटिनम, चांदी की बिस्मथ?

धातू नंतर, आधी औषध ठरवा. त्या रेणूतला कोणता गट इलेक्ट्रॉन देतो किंवा घेतो, यावर निम्मी निवड होऊन जाते. उरलेली निम्मी मर्यादेवर. युरोपीय संघाच्या नियमांत दुधात टेट्रासायक्लिन किलोला 100 मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे साधारण 0.2 मायक्रोमोलर. पेनिसिलिन-जीला 4 मायक्रोग्रॅमच, म्हणजे 12 नॅनोमोलर. क्लोरॅम्फेनिकॉलला तर बंदी आहे, तिथं अर्ध्या नॅनोमोलरच्या आसपास पोचावं लागतं. साध्या, कोऱ्या धातूवर हे शेवटचे दोन आकडे गाठायची आशा धरू नका.

माझं मत सोन्याच्या बाजूचं आहे. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिनमधला गंधक सोन्याच्या पृष्ठभागाला धरतो. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी अमिनोग्लायकोसाइड औषधं अतिनील प्रकाशात जवळजवळ दिसतच नाहीत. पण अल्कली द्रावणात सोन्यावर पोटेन्शियलचे (म्हणजे लावलेल्या व्होल्टचे) ठोके देऊन ती मोजता येतात, आणि हे ठोके पृष्ठभाग स्वच्छही करत राहतात. शिवाय थायोल (गंधकाचा गट) जोडलेला अ‍ॅप्टामर, म्हणजे ठरावीक रेणूला धरणारा डीएनएचा छोटा तुकडा, सोन्यावर पक्का बसतो, त्यामुळे खालच्या मर्यादेकडं जायचा रस्ता इथूनच निघतो. एक धोका मात्र लक्षात ठेवा: आम्ल आणि क्लोराईड एकत्र असताना +1 व्होल्टच्या पुढं गेलात तर सोनं स्वतःच विरघळायला लागतं.

तयार डिस्क इलेक्ट्रोड परवडत नसेल तर गुजरीतून (कोल्हापूरच्या सराफ बाजारातून) तार ओढून घेता येईल, पण 24 कॅरेटचीच. 22 कॅरेटमध्ये सुमारे 8 टक्के दुसरे धातू, बहुतेक तांबं-चांदी, असतात. तार काचेच्या नळीत इपॉक्सीनं बसवा, टोक 0.05 मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनानं घासा आणि 0.5 मोलर सल्फ्युरिक आम्लात पोटेन्शियल वर नेऊन परत खाली आणा. परतीच्या वाटेवर +0.9 व्होल्टच्या आसपास ऑक्साईडचं एकच ठसठशीत पीक (आलेखातलं टोक) दिसलं पाहिजे. शून्याच्या जवळपास आणखी पीकं उठली तर तांब्याचा संशय घ्या आणि ती तार बाजूला ठेवा.

प्लॅटिनम या कामासाठी मी सुचवणार नाही. काउंटर इलेक्ट्रोड, म्हणजे प्रवाहाचं वर्तुळ पुरं करणारा दुसरा इलेक्ट्रोड, म्हणून ते उत्तम. पण क्लोरॅम्फेनिकॉलचा नायट्रो गट साधारण -0.6 व्होल्टला इलेक्ट्रॉन घेतो, आणि उदासीन द्रावणात प्लॅटिनमवर तिथंच हायड्रोजन निघायला लागतो. पीक त्यातच बुडतं.

याच गटासाठी चांदी चांगली. हायड्रोजन उशिरा निघतो, नायट्रोचं पीक मोकळं दिसतं. चांदीच्या कामाचं गाव हुपरी हाताशी असताना तारेची अडचण नसावी, फक्त दागिन्याची मिश्र चांदी नको, शुद्ध मागा. दुधात लिटरला सुमारे एक ग्रॅम क्लोराईड असतं. धन बाजूला गेलात की चांदीवर सिल्व्हर क्लोराईडचा थर चढतो. म्हणून ऋण बाजूलाच राहा, आणि द्रावणात नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजन घालवल्याशिवाय मोजणी सुरू करू नका.

बिस्मथचा पातळ थर 2000 साली पाऱ्याला पर्याय म्हणून पुढं आला. ऋण बाजूला तो चांदीपेक्षाही शांत असतो आणि त्याचा विषारीपणा नगण्य. नायट्रो औषधांपुरतंच काम असेल आणि दरवेळी नवा थर चढवायची तयारी असेल, तर मी चांदीआधी बिस्मथ घेईन. निकेल-तांबं स्वस्त आहे, अल्कलीत अमिनोग्लायकोसाइडला प्रतिसादही देतं. पण दुधातल्या लॅक्टोजलाही देतं, त्यामुळे आधी वेगळं केल्याशिवाय निरुपयोगी.

सिप्रोफ्लोक्सासिन किंवा एन्रोफ्लोक्सासिन हवं असेल तर धातूचा आग्रह सोडा. ती +1 व्होल्टच्या जवळ ऑक्सिडाइज होतात, तिथं सोन्यावर ऑक्साईड बनत असतो. ग्लासी कार्बन (काचेसारखा कठीण कार्बन) घ्या.

आणि प्रश्न ‘हा टँकर आत घ्यायचा का’ एवढाच असेल, तर तयार चाचणी-स्ट्रिप वापरा. मिनिटांत उत्तर मिळतं. आपला इलेक्ट्रोड अजून त्या जागी बसत नाही.

एकच घ्यायचा असेल तर 2 मिलिमीटरची सोन्याची डिस्क घ्या. मात्र बफरमधली देखणी पीकं पाहून विषय पक्का करू नका. औषध न दिलेल्या म्हशीचं दूध आणा, त्यात माहीत प्रमाणात अँटिबायोटिक मिसळा, ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लानं प्रथिनं खाली बसवून सेंट्रिफ्यूज करा आणि वरच्या पाण्यात मोजा. केसिन हे दुधातलं प्रथिन इलेक्ट्रोडवर बसलं की पीक दर फेरीला लहान होत जातं. सलग दहा फेऱ्या घेऊन ही घट पाहा, आणि मगच गाईडकडे विषयाचं नाव द्या.