माजी स्पर्धक चालवतात त्या मुलांच्या स्विमिंग क्लासचा आठ महिन्यांचा अनुभव

क्लास पुण्यातला. तलाव 25 मीटरचा, चालवणारे दोघंही एकेकाळी राष्ट्रीय स्पर्धांत पोहलेले. खाली तक्रारीही आहेत म्हणून नाव मुद्दाम लिहीत नाही. मुलं 6 आणि 9 वर्षांची, आठवड्यातून तीन दिवस 45 मिनिटांची बॅच, एका कोचकडे सहा मुलं.

इथे फ्लोटर वापरत नाहीत, ही पहिली जमेची बाजू. दंडाला फुगे चढवले की मूल पाण्यात उभं लटकतं आणि सायकल मारल्यासारखे पाय हलवतं. मग ती खोड मोडायलाच महिना जातो. विहिरीवर पाठीला डबा बांधून शिकवायचे, त्यात निदान अंग आडवं तरी राहायचं!

पहिले दोन आठवडे फक्त बुडबुडे, तोंड पाण्यात घालून तरंगणं आणि तरंगताना पुन्हा उभं राहणं. हे शेवटचं सोपं वाटतं, पण मुलं घाबरून आधी डोकं वर काढतात, पाय मागेच राहतात आणि गटांगळी खातात. क्रम असा: गुडघे पोटाशी, तळहातांनी पाणी खाली दाबायचं, पाय तळाला लागले की मगच डोकं वर.

क्लासचे खरे पैसे वसूल होतात ते फ्रीस्टाइलच्या श्वासात. बहुतेक मुलं पाण्याखाली श्वास धरून ठेवतात. मग मान वळवल्यावर तेवढ्याशा वेळात सोडायचाही आणि घ्यायचाही, त्यामुळे घोटभर पाणी आत. ‘अजून दम वाढव’ म्हणून काही होत नाही. इथले कोच काठावरून बुडबुडे बघतात. तोंड पाण्यात असताना ते थांबले की मुलाला लगेच थांबवतात. वळताना गॉगलची एक काच पाण्यात राहिली पाहिजे. दोन्ही बाहेर आल्या म्हणजे डोकं उचललं, आणि डोकं उचललं की कंबर बुडते. किक बोर्डही (हातात धरायची तरंगती फळी) म्हणूनच कमी देतात, कारण तो धरून मान वर ठेवली की तेच होतं.

ब्रेस्टस्ट्रोकला मोठ्याचा एक पाऊल आत वळायचा. स्पर्धेत अशी किक बाद ठरते. काठावर बसवून, पावलं बाहेर वळवून, दोन्ही टाचा एकदम नितंबाकडे ओढायला लावल्या. तीन आठवड्यांत सुधारलं. बॅकस्ट्रोकसाठी भिंतीपासून 5 मीटरवर पताका लावलेल्या आहेत. तिथून भिंतीपर्यंत आपले हात किती पडतात ते प्रत्येक मुलाला पाठ असतं. साध्या क्लासमध्ये मुलं इथेच डोकं आपटतात.

आता खटकणारं. या लोकांच्या डोक्यातून घड्याळ जात नाही. पाचव्या महिन्यात बटरफ्लाय आणि ब्लॉकवरून (शर्यत सुरू करायच्या काठावरच्या चौथऱ्यावरून) सूर सुरू झाले, पण पाणी तुडवणं, म्हणजे हातपाय हलवत डोकं वर ठेवून एका जागी राहणं, तोवर शिकवलंच नव्हतं. कपड्यांसकट पाण्यात पडलं तर काय करायचं, पाठीवर वळून तरंगत कसं थांबायचं, यातलं काही नाही. सहलीला धरणावर किंवा नदीवर जाणाऱ्या मुलाला बटरफ्लायपेक्षा हे जास्त लागतं.

दुसरं, गार पाणी. तलाव गरम केलेला नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या बॅचला धाकट्याचे ओठ वीस मिनिटांत निळे पडायचे. कुडकुडणारं मूल अंग आखडून घेतं, शिकत काहीच नाही. आम्ही दुपारची बॅच घेतली. फी मात्र पूर्णच.

पाण्याची पाटी रोज लिहितात: क्लोरीन 1 ते 3 पीपीएमच्या आत, पीएच 7.2 ते 7.8. सुट्टीत गर्दी झाली की डोळे झोंबणारा उग्र वास येतो. तो क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो, घाम आणि मूत्राशी मिसळून बनलेल्या क्लोरामाइनचा असतो. म्हणून आधी शॉवर सक्तीचा आहे, पण पालकच मुलांना घाईने तसंच आत ढकलतात.

सामानाचं थोडक्यात. गॉगल पट्टा न लावता डोळ्यावर दाबून बघा. क्षणभर चिकटून राहिला तरच घ्या. कॉस्च्यूम पॉलिस्टरचा घ्या, क्लोरीनमध्ये लायक्रा लवकर सैल पडतो. कानात कापसाचे बोळे नकोत, ओले होऊन आतच बसतात. मान तिरकी करून पाणी काढा आणि बाहेरून टॉवेलने टिपा.

चौकशीला जाल तेव्हा पाणी तुडवणं कितव्या आठवड्यात घेता, हे आधी विचारा. आम्हाला ‘घेऊ पुढे’ असं उत्तर मिळालं होतं. ते शेवटी सातव्या महिन्यात घेतलं, तेही चार पालक मागे लागल्यावर.