जो परवाना लागतच नव्हता, त्याची फी भरली

परदेशातल्या नातेवाइकाकडून वारशात जुनी लष्करी रायफल मिळाली असेल आणि ती कायदेशीर मार्गाने आपल्याकडे आणायची असेल, तर कुठल्याही ‘एजंट’ला पैसे पाठवण्याआधी हे वाचा. आमच्या दोन रायफली अशाच गेल्या. एक वाचली, आणि ती का वाचली हे ऐकण्यासारखं आहे.

माझे काका ब्रिटनमध्ये डॉक्टर होते. जुन्या लष्करी बंदुका जमवण्याचा त्यांना नाद होता. ते गेल्यावर मृत्युपत्रात तीन रायफली माझ्या नावावर निघाल्या, आणि मी राहतो अमेरिकेत.

पहिली स्नायडर. १८५७ साली ज्या एन्फिल्डच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून वणवा पेटला, त्याच नमुन्याच्या बंदुका मागून कापून, त्यांना बाजूला उघडणारं बिजागरीचं झाकण बसवून १८६६ पासून स्नायडर केल्या गेल्या. दुसरी मार्टिनी-हेन्री, १८७१ साली ब्रिटिश सैन्यात आलेली. खालची लिव्हर ओढली की ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं तोंड, उघडते, एका वेळी एकच गोळी. तिसरी लांब नळीची ली-एन्फिल्ड, .३०३ बोअरची, १८९६ सालची. उठावानंतर हिंदी पलटणींना गोऱ्या सैन्यापेक्षा एक पिढी मागची बंदूक द्यायची असं धोरण होतं. गोऱ्यांच्या हाती मार्टिनी आली तेव्हा आपल्या शिपायांकडे स्नायडरच होती. काकांना या दोन्ही बंदुका भिंतीवर शेजारी शेजारी हव्या होत्या, त्या एवढ्यासाठी.

आता कायदा, कारण सगळी फसवणूक याच्याच अज्ञानावर उभी राहिली. ब्रिटनमध्ये १९६८ च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ५८(२) प्रमाणे शोभेची किंवा कुतूहलाची वस्तू म्हणून ठेवलेल्या अँटिक बंदुकीला सर्टिफिकेट लागत नाही. अँटिक कशाला म्हणायचं, हे २०२१ च्या नियमांनी पक्कं केलं. त्यात कालबाह्य काडतुसांची यादी आहे. स्नायडर आणि मार्टिनीची काडतुसं त्या यादीत आहेत, .३०३ नाही. म्हणून पहिल्या दोन भिंतीवर मोकळ्या टांगलेल्या आणि तिसरी सर्टिफिकेटवर, कुलपात. अमेरिकेत मात्र काडतुसाचा प्रश्नच येत नाही. १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक संघराज्याच्या कायद्यात अँटिक, आणि अँटिक म्हणजे त्या कायद्याच्या लेखी ‘फायरआर्म’च नव्हे. (राज्याराज्यांचे नियम वेगळे असू शकतात, ते आपले आपण पाहावेत.) म्हणजे ब्रिटनमध्ये जिला कुलूप लागतं, ती ली-एन्फिल्डसुद्धा अमेरिकेत अँटिक ठरते. कॅनडात पुन्हा तिसराच हिशेब: तिथे १८९८ च्या आधीची हवी, आणि .३०३ सारख्या लहान बोअरची मॅगझिनवाली रायफल जुनी असली तरी अँटिकमध्ये धरत नाहीत. एका देशातल्या माणसाने छातीठोकपणे सांगितलेलं दुसऱ्या देशात लागू पडेलच असं नाही.

हे सगळं मला आज तोंडपाठ आहे. तेव्हा ‘बंदूक’ आणि ‘विमान’ हे दोन शब्द एका वाक्यात आले की घरात सगळ्यांच्याच पोटात गोळा यायचा. आम्हाला भेटलेल्या गृहस्थाने नेमकं तेच हेरलं. माणूस अमेरिकेतलाच, वारसा हक्काने आलेली शस्त्रं आणून देतो म्हणणारा. बोलणं अत्यंत सभ्य. स्वतःच्या शस्त्रपरवान्याची प्रत त्याने न मागता पाठवली. परवाना खरा होता, पण कुठल्या प्रकारचा? अमेरिकेतल्या या परवान्याच्या क्रमांकात आकड्यांचे सहा गट असतात आणि चौथा गट परवान्याचा प्रकार सांगतो. ०१ म्हणजे डीलर, ०८ म्हणजे आयातदार. याच्या कागदावर ०३ होतं, म्हणजे हौशी संग्राहक. स्वतःच्या संग्रहासाठी जुन्या बंदुका घ्यायला तो परवाना चालतो, त्यावर धंदा करता येत नाही. कागदावरचा शिक्का बघून आमचं समाधान झालं, आणि तो कागद पाठवण्यामागचा हेतूही तेवढाच होता.

मग फियांची रांग लागली. ‘फॉर्म ६’ या आयात परवान्याची फी, तो लवकर काढून घेण्याची फी, ‘हेरिटेज क्लिअरन्स’, वर आयात शुल्काची अनामत. एकेक तपासून पाहा. फॉर्म ६ अमेरिकेचं शस्त्रखातं, म्हणजे एटीएफ, देतं आणि त्यासाठी एक पैसाही घेत नाही. शिवाय अँटिकला तो लागतच नाही, लागतो तो फक्त वयाचा पुरावा. ब्रिटनमध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वस्तूंना आर्ट्स कौन्सिल इंग्लंडकडून परवानगी लागते ती विशिष्ट किमतीच्या वर, आणि काकांच्या बंदुका त्या किमतीच्या आसपासही नव्हत्या. शंभर वर्षांवरच्या अँटिक वस्तूंसाठी अमेरिकेच्या शुल्कपत्रकात ९७०६ हा स्वतंत्र मथळा आहे आणि तिथला मूळ दर शून्य आहे. अस्तित्वात नसलेल्या अडचणी त्याने आम्हाला एकेक करून विकल्या. अमुक कागद अडलाय, असं तो इतक्या तपशिलात सांगायचा की खरं काम करणारा माणूस एवढं बोलत नाही, हे लक्षात यायला हवं असं आता वाटतं.

बंदुका न्यायला त्याने ठरवलेला माणूस काकूंच्या घरी गेला. ‘दोन जुन्या शोभेच्या बंदुका’ एवढीच पावती. ना साल, ना खुणा. काकूंनी विचारलं तर म्हणाला, अँटिकला कागद लागत नाहीत. खरंच होतं ते! त्यानंतर तो ली-एन्फिल्ड घ्यायला गेला. काका गेल्यावर ती पोलिसांच्या सल्ल्याने तिथल्या नोंदणीकृत डीलरकडे ठेवली होती. डीलरने आधी त्याची कागदपत्रं मागितली आणि ती नाहीत म्हटल्यावर सरळ वाटेला लावलं. आम्हाला तेव्हा त्या डीलरचा रागच आला होता.

पुढे ‘माल कस्टम्सने अडवला’ सुरू झालं. सोडवायला दंड, तोही त्याच्याच खात्यात. इथे एक पक्कं माहीत असू द्या: अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने माल जप्त केला तर लेखी नोटीस येते आणि तिच्यावर प्रकरण क्रमांक असतो. तो क्रमांक मी मागितला. उत्तरात सहानुभूतीचा एक लांबलचक ईमेल आला, क्रमांक नाही. शेवटी माझ्या चुलत बहिणीने तिकडच्या मालवाहतूक कंपनीकडून एअर वेबिलची, म्हणजे विमानाने पाठवलेल्या मालाच्या कागदाची, प्रत मिळवली आणि फोनवर म्हणाली, “अरे, माल तर केव्हाच सुटलाय!” माल घेणाऱ्याच्या रकान्यात त्या गृहस्थाचं नाव होतं. माझं नाव कागदावर कुठेही नव्हतं. सीमेवर काहीच बेकायदा घडलं नव्हतं. वयाचा पुरावा दाखवून दोन्ही बंदुका रीतसर अमेरिकेत शिरल्या होत्या, फक्त त्याच्या मालकीच्या म्हणून.

हे सिद्ध करता आलं ते काकांच्या शिस्तीमुळे. प्रत्येक बंदुकीसाठी त्यांनी एक कार्ड केलं होतं. मार्टिनीच्या कार्डावर उजव्या बाजूच्या मुकुटाचा, ‘व्ही.आर.’ अक्षरांचा आणि सालाचा फोटो. कुंद्यावर टोकाला टोक भिडवलेले दोन बाण, म्हणजे सैन्याने ही बंदूक विकून टाकल्याची खूण. आणि कुंद्याच्या लोखंडी पट्टीवर ठोकलेला रॅक नंबर, त्यातला पहिला आकडा जरासा कललेला. काही महिन्यांनी एका ऑनलाइन लिलावात ‘ब्रिटिश घराण्यातली’ म्हणून एक मार्टिनी दिसली. पाचव्या फोटोत तोच कललेला आकडा. बहिणीने मृत्युपत्राची प्रत, ते कार्ड आणि एअर वेबिल पाठवल्यावर लिलाववाल्यांनी तो लॉट मागे घेतला. बंदूक अजून त्यांच्याच ताब्यात आहे, कारण ते गृहस्थ म्हणतात की ती त्यांनी विकत घेतली. पोलिसांत तक्रार दिली आहे, वकिलांची पत्रं चालू आहेत. फीचे पैसे परत येतील अशी आशा मी धरलेली नाही.

ली-एन्फिल्ड मात्र आली. त्याच खडूस डीलरने निर्यातीची बाजू पाहिली. इकडे ०८ प्रकारच्या परवान्याचा आयातदार मी स्वतः शोधला. त्याचा परवाना एटीएफच्या ‘ईझी चेक’वर क्रमांकाचे पहिले तीन आणि शेवटचे पाच आकडे टाकून तपासला, आणि तिथे दिसणाऱ्या पत्त्यावर जाऊन आलो. त्याने बोल्टजवळच्या पट्ट्यावरच्या सालाचा स्पष्ट फोटो आणि डीलरचं पत्र मागितलं. कागदावर मालक म्हणून माझं नाव घातलं. त्याने लावलेली फी एकच, स्वतःच्या कामाची. कडक कायद्यात अडकलेली बंदूक सुखरूप पोचली आणि मोकळ्या होत्या त्या दोन गेल्या. काकांना यात भारी गंमत वाटली असती.

स्नायडरचा अजून पत्ता नाही. लॉकप्लेटवर मुकुट आणि ‘व्ही.आर.’, पितळी साज, आणि कुंद्याच्या डाव्या अंगाला जुन्या दुरुस्तीचं चौकोनी लाकडी ठिगळ, मूळ लाकडापेक्षा बरंच फिकट. कुठे विक्रीला दिसली तर विकत घेऊ नका. फोटो जपून ठेवा आणि विकणाऱ्याकडे ती कुठून आली याचे कागद मागा.