किचन गार्डन किट: पिशव्या पाच आणि माती एकीपुरती

दसऱ्याच्या सेलमध्ये 1,299 ला हे होम किचन गार्डन किट ऑनलाइन मागवलं होतं, आता संक्रांत झाली, म्हणजे चांगले तीन महिने वापरून मग लिहितेय, नाहीतर लोक बॉक्स उघडल्या उघडल्या पाच स्टार देऊन मोकळे होतात. कंपनीचं नाव घेत नाही कारण मैत्रिणींनी दुसरीकडून घेतलेल्या किटांतही थोड्याफार फरकाने हेच निघालं. माझ्याकडून पाचपैकी अडीच.

आत काय आलं तर 12 बाय 12 इंचाच्या पाच ग्रो बॅगा, कोकोपीटच्या (म्हणजे नारळाच्या काथ्याचा दाबलेला भुसा) 650 ग्रॅमच्या दोन विटा, 2 किलो गांडूळखत, थोडी निंबोळी पेंड, कडुनिंबाच्या तेलाची बाटली, बियांची सहा पाकिटं (कोथिंबीर, मेथी, पालक, टोमॅटो, मिरची, बेसिल) आणि एक खुरपं, ज्याची मूठ पहिल्याच आठवड्यात हातात आली.

आता हिशोब बघा. एक वीट भिजून फुगली की होते साधारण 8-9 लिटर, म्हणजे दोन मिळून सतरा-अठरा, त्यात गांडूळखत तीन-चार लिटर धरा. आणि ह्या मापाच्या एकाच बॅगेत वीसेक लिटर सहज मावतं. मग उरलेल्या चार बॅगा काय बाजारात भाजी आणायला न्यायच्या का? कस्टमर केअरला फोन केला तर ती मुलगी एकदम गोड आवाजात, 'मॅडम गार्डन सॉइल तुमच्याकडची घ्यायची असते'. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडची गार्डन सॉइल! शेवटी नर्सरीतून लाल मातीच्या दोन गोण्या आणल्या, आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, त्यामुळे त्या वर आल्यावर नवरा दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होता. तळाला वाळका पाला घालून कशाबशा चार बॅगा भरल्या.

दुसरं म्हणजे कोकोपीट आधी दोन-तीनदा धुवून पिळून घ्यायचं असतं, त्यात खार असतो आणि तांबडं पाणी सुटतं, हे त्यांच्या इंग्रजी पुस्तिकेत कुठेच नाही. मी आपलं भिजवलं, भरलं, वरून मग्गाभर पाणी घातलं. बॅगेच्या भोकांतून चहासारखं पाणी निघालं ते गॅलरीच्या पन्हाळीतून थेट खालच्या काकूंच्या दोरीवर. पांढरी चादर होती. काकू वर आल्या, काही बोलल्या नाहीत, चादर दाखवली आणि गेल्या. किटमध्ये खाली ठेवायला एक साधी प्लेटसुद्धा देत नाहीत, ती घ्याच.

बियांचं तर विचारूच नका. कोथिंबिरीच्या पाकिटावर बारीक अक्षरात टेस्टची तारीख आदल्या डिसेंबरची, मुदत सप्टेंबरपर्यंत, आणि पाकीट माझ्या हातात ऑक्टोबरमध्ये! तरी पेरली, पंधरा दिवस रोज सकाळी वाकून बघायचे, सहा कोंब आले. मग सासूबाईंनी डब्यातले मूठभर धणे पेपरवर पसरले आणि वरून लाटणं हलक्या हाताने फिरवलं. एक धणा म्हणजे खरं तर दोन बिया असतात, त्याचे दोन भाग झाले पाहिजेत पण चुरा होता कामा नये, त्या आवाजावरूनच सांगतात म्हणे. रात्रभर भिजवून पेरले, दहाव्या दिवशी बॅग हिरवीगार. मेथीसुद्धा डब्यातलीच टाकली, ती तर चौथ्या दिवशी वर. मसाल्याच्या डब्याने 1,299 च्या किटला हरवलं ते असं. टोमॅटो-मिरचीच्या बिया गुलाबी होत्या, म्हणजे औषध लावलेल्या, लहान मुलं असतील तर जपा, आमचं शेंडेफळ गोळ्या समजून उचलायला निघालं होतं.

चांगलं काय ते पण सांगते. बॅगा खरंच दणकट आहेत, शिवण कुठे उसवली नाही, कडी धरून ओढल्या तरी काही झालं नाही. टोमॅटो छान आले (गॅलरी पूर्वेची आहे, बारापर्यंत ऊन असतं, तुमच्याकडे पाच-सहा तास ऊन नसेल तर टोमॅटोच्या फंदात पडू नका, पालेभाजी लावा), डिसेंबरात मावा (पानांना चिकटणारी बारीक कीड) पडला तेव्हा लिटरभर पाण्यात चमचाभर किटमधलं कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारलं, तीन वेळात आटोक्यात आला. अर्धे टोमॅटो आम्ही हिरवेच तोडले, तीळ-दाण्याचं कूट आणि लसूण घालून चटणी केली, पिकायची वाट बघायला घरात कुणाला धीरच नाही. कोवळ्या मेथीचा घोळाणा केला, कांदा, दाण्याचं कूट, कच्चं तेल, बस. विकतच्या जुडीचा तसा होतच नाही कारण ती आपल्याकडे येईपर्यंत कोमेजलेली असते. पालक मात्र दोन वेळा पातळभाजी होईल एवढाच निघाला.

बेसिल ह्या सगळ्यात माजलं. मी ते तेलाच्या जुन्या कॅनमध्ये लावलं होतं, एकदा पास्ता केला, एकदा पिझ्झावर टाकलं, तिसऱ्यांदा मुलं कंटाळली. सासूबाईंनी तुळस समजून दोनदा पूजेलाही घेतली, मीही काही बोलले नाही. मग मंजिऱ्या आल्या, वाळल्या, त्यातलं चिमूटभर काळं बी मी गंमत म्हणून वाटीत भिजत टाकलं आणि दहा मिनिटांत फुगून जेलीसारखं झालं. तो आपला सब्जाच की! पुस्तिकेत ह्यावरही एक ओळ नाही. आता अजून मंजिऱ्या वाळत टाकल्यात, उन्हाळ्यात सरबताला होतील.