स्प्रिंग कॉम्प्रेसर: आकड्यांची जोडी की स्टँडवाला?

मावसभावाला स्विफ्टच्या पुढच्या स्प्रिंगा घरीच बदलायच्या आहेत आणि स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर कोणता घ्यावा यावर तो अडून बसलाय: बोल्टवर आवळायच्या आकड्यांची (हुकांची) जोडी की स्टँडवाला. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक अब्सॉर्बर आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग, एकत्र) आहे, म्हणजे वरचा नट सोडण्याआधी स्प्रिंग दाबून धरावीच लागते. ती सुटली तर हात मोडेल किंवा त्याहून वाईट होईल.

किंमतीत आकड्यांची जोडी कितीतरी स्वस्त, शिवाय ती डिकीतही मावते. स्टँडवाला महाग, जड, भिंतीला किंवा ओट्याला पक्का बसवावा लागतो. फ्लॅटच्या पार्किंगमध्ये तो कुठे ठोकणार?

सुरक्षिततेत मात्र चित्र उलटं. जोडीचे आकडे बरोबर समोरासमोर लावायचे, दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. एक बाजू पुढे गेली की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि आकडा वेटोळ्यावरून सरकू लागतो. त्यामुळे सेफ्टी पिन (आकडा वेटोळ्यावरून निसटू न देणारी खीळ) नसलेली जोडी घेऊच नये. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा, इम्पॅक्ट गन अजिबात नको, आटे खराब होतात. स्टँडमध्ये स्ट्रट जखडलेला असतो आणि दाब सारखा पडतो, म्हणून तिथे वाकण्याची भीती बरीच कमी.

मेहनत? जोडीत पान्याने हात भरून येतात. स्टँडला फक्त हँडल फिरवायचं.

स्वतःच्या एकाच गाडीसाठी पिनवाली, जाड आकड्यांची जोडी पुरे, भाड्याने मिळाली तर उत्तमच. मित्रांच्या गाड्याही अंगावर घेणार असाल आणि पक्की जागा असेल, तर स्टँड. स्प्रिंग फारच जाड आणि आखूड असेल, तर स्ट्रट काढून गॅरेजवाल्याकडून स्प्रिंग बदलून आणा. काहीही निवडलं तरी नंतर चाकांचं अलाइनमेंट करावंच लागेल.