लूप घ्यायचा की नोड? सर्किटचं गणित हातात घेण्याआधी

लातूरच्या क्लासच्या गल्लीत जा नाहीतर नांदेडला बी.एस्सी. पहिल्या वर्षाच्या वर्गात बसा, फळ्यावर सर्किट आलं की सगळ्या वह्यांत एकच गोष्ट होते. पोरं लगेच बाण काढायला लागतात. आय-वन, आय-टू, आय-थ्री. गणित अर्ध्या पानात आटोपणार की दोन पानं खाणार, हे त्या बाणांनीच ठरून जातं.

म्हणून एकच सर्किट घेऊ आणि त्याच्यावर सगळ्या पद्धती चालवून बघू. एक तार वर, एक खाली, मधे तीन फांद्या. पहिलीत 12 व्होल्टची बॅटरी आणि 2 ओहम. दुसरीत 6 व्होल्टची बॅटरी आणि 3 ओहम. तिसरीत नुसता 6 ओहम. दोन्ही बॅटऱ्यांचं प्लस टोक वरच्या बाजूला. विचारलंय काय, तर 6 ओहममधून किती करंट जातो?

शाळेपासून येते ती सरळ किर्चहॉफची पद्धत: प्रत्येक फांदीला एक करंट. जंक्शनचं (जोडावर येईल तितकाच करंट बाहेर जातो) एक समीकरण, लूपची (बंद वाटेने फेरा मारला की व्होल्टेजची बेरीज शून्य) दोन. तीन अज्ञात, तीन समीकरणं. किर्चहॉफ यांनी 1845 साली हे नियम मांडले तेव्हा ते स्वतः 21 वर्षांचे विद्यार्थीच होते. नियमात काही खोट नाही, पण तीन समीकरणं सोडवताना चिन्हाची एक चूक झाली की पानभर मेहनत पाण्यात.

मेश पद्धतीत जंक्शनचं समीकरण वेगळं लिहावंच लागत नाही. सर्किटच्या प्रत्येक खिडकीत एक करंट गोल फिरवायचा. इथं खिडक्या दोन, म्हणून समीकरणंही दोनच. पहिल्या-दुसऱ्या फांदीमधल्या खिडकीतला करंट x, दुसऱ्या-तिसऱ्यामधल्या खिडकीतला y: 5x − 3y = 6 आणि −3x + 9y = 6. त्यातून x = 2 आणि y = 4/3. म्हणजे 6 ओहममधून 1.33 अँपिअर. मधल्या फांदीत दोन्ही करंट एकमेकांविरुद्ध वाहतात, तिथं वजाबाकी करायची आठवण ठेवली की झालं.

आता नोड, म्हणजे फांद्या जिथं एकत्र येतात ती जागा; इथं वरची आणि खालची तार. खालची तार शून्य व्होल्ट धरा, वरची V. वरच्या तारेत येणारा सगळा करंट बाहेर जाणाऱ्याइतकाच, म्हणून

(12 − V)/2 + (6 − V)/3 = V/6

सहाने गुणलं की 48 − 5V = V, V = 8. 8 भागिले 6, तोच 1.33. एक समीकरण, दोन ओळी. तरी पोरं याला बिचकतात, कारण ‘8 व्होल्ट म्हणजे नेमके कुठले?’ हे त्यांना पटत नाही. मी त्यांना जायकवाडी सांगतो. पावसाळ्यात पेपरात रोज येतं, धरणाची पातळी इतके फूट, आणि 1522 ला धरण भरतं. म्हणून नाथसागर, म्हणजे या धरणाचा जलाशय, काही 1522 फूट खोल नाही. तो आकडा समुद्रसपाटीपासून मोजलेला आहे. पाणी वाहतं ते दोन ठिकाणांच्या पातळीतल्या फरकाने. खालच्या तारेला शून्य म्हणणं म्हणजे आपली समुद्रसपाटी ठरवणं. कुठली तार शून्य धरायची ही आपली मर्जी, फरक बदलत नाही.

याच सर्किटमध्ये एक गंमत दडलीय. 6 व्होल्टच्या फांदीतला करंट काढा: (6 − 8)/3, म्हणजे उणे 0.67. ‘‘सर, हे मायनस कामून आलं?’’ असं विचारत पोरगी खोडरबर उचलते. खोडू नको, उत्तर बरोबर आहे. वरच्या तारेवर 8 व्होल्ट आहेत, बॅटरी 6 ची. ती करंट देत नाही, घेते, चार्ज होतेय. एक बॅटरी जोमात आणि दुसरी कमी, अशा दोन समांतर जोडल्या की हेच होतं.

थेवेनिनची पद्धत फ्रान्सच्या एका टेलिग्राफ इंजिनिअरने 1883 साली मांडली. 6 ओहम काढून ठेवा. उरलेलं सगळं सर्किट एकाच बॅटरीसारखं आणि एकाच रेझिस्टन्ससारखं वागतं: 9.6 व्होल्टची बॅटरी आणि 1.2 ओहम. एकदाच उत्तर हवं असेल तर हा वळसा आहे. पण पुढे ‘6 च्या जागी 3.6 ओहम लावला तर?’ असं विचारलं की बाकीच्यांना सगळं पुन्हा मांडावं लागतं, थेवेनिनवाल्याचं काम एका भागाकारात: 9.6/(1.2 + 3.6), म्हणजे 2 अँपिअर.

सुपरपोझिशन, म्हणजे एकेक बॅटरी चालू ठेवून उत्तरांची बेरीज, मला कधीच आवडली नाही. 1 अधिक 0.33 करून उत्तर येतं खरं, पण एकाच सर्किटचं गणित दोनदा करावं लागतं. आणि कुणी त्याच धडाक्यात पॉवरची बेरीज केली तर ती चुकतेच. प्रश्नात नाव घेऊन मागितली तरच वापरा.

मग निवडायचं कसं? बाण काढण्याआधी बोटांवर मोजा. जितके नोड, त्यातून एक कमी, इतकी नोडची समीकरणं; जितक्या खिडक्या, तितकी मेशची. इथं 1 विरुद्ध 2. समांतर फांद्यांची गर्दी असेल तर नोड जिंकतो, एकामागोमाग जोडलेले रेझिस्टन्स आणि खिडक्या कमी असतील तर मेश. बरोबरी झाली आणि रेझिस्टन्स 7, 11, 13 असे आडमुठे असले तर मी मेश घेतो. अपूर्णांकांची कटकट नको. व्हीटस्टोन ब्रिज (चार रेझिस्टन्सचा चौकोन आणि मधे पाचवा) दिसला तर आधी गुणोत्तरं बघा. समतोल असेल तर मधला रेझिस्टन्स सरळ खोडून टाका.

नीटच्या तयारीत असाल तर नोड हाताखाली पक्का हवाच. 180 मिनिटांत 180 प्रश्न आणि चुकलं की एक मार्क वजा. तिथं तीन समीकरणं मांडत बसायला सवड नाही. बोर्डाच्या पेपरात मात्र मी लूपच लिहायला सांगतो, आणि नोडने कोपऱ्यात पेन्सिलीने ताळा.

आणखी एक ताळा आहे, जो फारसं कुणी करत नाही. 12 व्होल्टची बॅटरी 2 अँपिअर देते, म्हणजे 24 वॉट. ते गेले कुठे? 2 ओहममध्ये 8, 3 ओहममध्ये 1.33, 6 ओहममध्ये 10.67 आणि दुसरी बॅटरी चार्ज करण्यात 4. बरोबर 24. नाही जुळले तर सगळं गणित उकरू नका, आधी त्या 6 व्होल्टच्या फांदीतलं चिन्ह बघा.